लडीवरची पहिली गाठ

चार माणसांनी मिळून निर्णय कसा घ्यावा, हे सांगायला मला गेली कित्येक वर्षं ठिकठिकाणी बोलावतात. मी जातो, शाल घेतो आणि तीन गाठींची गोष्ट सांगतो. सूत रंगवणारा, उभ्या धाग्यांचा ताणा करणारी आणि विणणारा, या तिघांनी होकाराची गाठ मारल्याशिवाय आमच्याकडे माल मागावर चढत नसे, असं सांगतो. लोक ते वहीत उतरवून घेतात. ही पद्धत तुम्हाला कशी सुचली, असं कुणी विचारलं की मी नुसता हसतो. त्या हसण्याचा अर्थ लोक आपापल्या मनाने लावतात आणि मी त्यांना लावू देतो.

ती पद्धत मला सुचलेली नव्हती. ज्याला सुचली होती, त्याचं नाव मी तिच्याच आधाराने बुडवलं.

युद्धाची वर्षं होती. नगरमध्ये एका गल्लीत हातमागावर लुगडी विणणारा छोटा कारखाना होता. सुतावर सरकारी नियंत्रण आल्यामुळे रोज कसले ना कसले अर्ज भरावे लागत, आणि मालकांना इंग्रजी येत नव्हतं. मी मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेला, एका शिक्षकाचा मुलगा. त्यांनी मला अर्ज लिहायला ठेवलं आणि वर्षभरात व्यवस्थापक केलं. मी बावीस वर्षांचा होतो. खिशाला पेन लावून फिरायचो.

कारखान्यातला रंगारी तिसगावचा होता. वय पन्नाशीकडे झुकलेलं, अक्षराची ओळख नाही, हात कोपरापर्यंत कायम निळे-तांबडे. मला तो रावसाहेब म्हणायचा, आणि त्यात थट्टा किती नि मान किती हे मला कधी कळलं नाही. मी येण्याच्या बऱ्याच आधी तिथे सारखी भांडणं व्हायची म्हणे. लुगडं बिघडलं की विणकर रंगाऱ्याला बोलायचा, रंगारी ताणा करणाऱ्या मावशींना, आणि मालक सगळ्यांना. तेव्हा या माणसाने उपाय काढला. प्रत्येक घाण्यातली, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या सुतातली, एक लहान लडी दाराजवळच्या खिळ्याला टांगायची. रंग पक्का वाटला की रंगाऱ्याने तिच्यावर गाठ मारायची. मग मावशींनी धागा ओढून पाहायचा, आपली गाठ मारायची. शेवटी विणकराने. ज्याला शंका असेल त्याने गाठ मारायची नाही, आणि मारलेली गाठही ताणा सुरू होईपर्यंत सोडायची मुभा. गाठ सोडणाऱ्याला कुणी रागवायचं नाही. त्याला काय दिसलं ते आधी विचारायचं. दुपारच्या चहाला सगळे लडीखाली बसत आणि त्यावर बोलत. लिहिता न येणाऱ्या माणसांची ती सही होती. रंगारी डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलटी बसायची. हजार गाठींत ओळखू यावी अशी.

मला ते बसणं म्हणजे वेळेचा नास वाटायचा. कामं हुकमाने होतात, गप्पांनी नाही, असं मी मालकांना दोनदा बोलून दाखवलं. मालक म्हणाले होते, तू नवा आहेस, बघ थोडे दिवस.

खर्ड्याच्या एका व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी लाल काठांची पांढरी लुगडी मागवली. मी कुणालाही न विचारता त्याला पत्राने तारीख कळवून टाकली. उत्तर सुवाच्य अक्षरात आणि त्याच दिवशी गेलं, याचाच मला आनंद. परदेशी रंग मिळणं तेव्हा बंद झालं होतं आणि बाजारात त्याच्या जागी दुसराच कसला लाल रंग आला होता. रंगाऱ्याने तो वापरून सूत रंगवलं, लडी खिळ्याला लावली, पण गाठ मारली नाही. पांढऱ्या धाग्याशी पीळ देऊन त्याने तो धागा रिठ्याच्या कढत पाण्यात धुतला होता आणि पांढऱ्या धाग्यावर गुलाबी झाक आली होती. रंग धरवणारा खार पुन्हा देऊन दोन-तीन उन्हं दाखवायला हवीत, असं त्याचं म्हणणं.

त्याच संध्याकाळी तिसगावहून निरोप आला की त्याची आई आजारी आहे. पेट्रोलच्या टंचाईने मोटारी मोजक्याच सुटत. सकाळची मोटार गाठायची म्हणून तो घाईत होता. जाताना मला म्हणाला, "रावसाहेब, मावशीला आन मालकाला सांगा, लाल सूत कच्चं हाय. मी आल्याबिगर ताण्याला लावू नका."

मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. मालकांना सांगितलं असतं तर कुणाला न विचारता तारीख दिल्याचं उघडं पडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आलो. दाराचं कुलूप काढलं, लडी खाली घेतली आणि तिच्यावर गाठ मारली. डाव्या हाताने मारून पाहिली, ती नीट बसेना. सोडून उजव्याने मारली. या कामाला मला कपभर चहा प्यायला लागतो तितकाही वेळ लागला नाही.

मावशी आल्या. त्यांनी लडी हातात घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग विचारलं की तो तर काल म्हणत होता अजून ऊन दाखवायचंय. मी म्हणालो, जाता जाता मारून गेला. मावशींनी त्याच्या शब्दावर आपली गाठ मारली, विणकराने मावशींच्या. सूत ताण्याला लागलं.

रंगारी दोन दिवसांत यायचा होता, पण आईच्या पाठोपाठ त्यालाच हिवताप झाला. तो परत आला तोवर महिना होत आला होता आणि लुगडी खर्ड्याला पोचली होती. रिकामा खिळा पाहून त्याने मला विचारलं. मी सांगितलं, आम्ही पुन्हा धुऊन पाहिलं, रंग धरला. तो म्हणाला, मग बरं झालं. तापाने इतका उतरला होता की जास्त बोललाच नाही.

पुढच्या पंधरवड्यात खर्ड्याचा व्यापारी गाठोडं घेऊन आला. आम्ही चहाला बसलो होतो. त्याने आमच्यासमोर एक लुगडं उलगडलं. काठाचा लाल रंग उतरून सबंध अंगावर पसरला होता. हळदीनंतर नवरीला आंघोळ घालताना ते भिजलं, आणि मांडवात बायका म्हणाल्या की पोरीला रक्त लागलं का काय. तो शांतपणे सांगत होता. त्यापेक्षा त्याने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

प्रत्येक घाण्याची लडी मालक पेटीत जपून ठेवत. त्यांनी ती काढली. तिन्ही गाठी होत्या. त्यांनी लडी रंगाऱ्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडाकडे फिरवली.

"मालक, ही माझी गाठ न्हाई."

मालकांनी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, मी आले तेव्हा गाठ होती, जाताना मारून गेला असं रावसाहेबांनी सांगितलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकांनी मला सरळ विचारलं की तू त्याला गाठ मारताना पाहिलंस का.

तिथे अजून वेळ होती. आज इतक्या वर्षांनी सांगतो, ते लोक रागावले असते, पण त्यांनी मला आधी काय झालं तेच विचारलं असतं, कारण तशी रीतच होती. मी म्हणालो, "पाहिलं. मोटारीच्या घाईत होता, म्हणून वेगळी पडली असेल."

हे 'घाईत' मी जोडलं. कुणी मागितलं नव्हतं. त्याची गाठ या वेळी उलटी का नाही, हा प्रश्न कुणाला पडण्याआधीच मी तो मिटवला.

रंगाऱ्याने लडी मालकांसमोर ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी लिवनारी मानसं, रावसाहेब. मला ही एवढीच सही येत हुती."

मालकांनी त्याला जा म्हटलं नाही. तो आपणच उठला आणि खुंटीवरची बंडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही नाही.

नवा रंगारी आला. पहिली लडी मी मावशींकडे नेली. त्यांनी ती हातात घेतलीच नाही. ताण्यावरचे हात न थांबवता म्हणाल्या, "तुमीच मारा की. तुमाला येती." बाकीच्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही.

त्यानंतर गाठी पडत राहिल्या, पण बघून पडत नव्हत्या. मी विचारलं की सगळे व्हय म्हणत. धागा तुटका आला तरी व्हय, रंग फिका आला तरी व्हय. दुपारच्या चहाला माणसं आपापला कप घेऊन मागापाशी जात. ज्या गप्पांना मी वेळेचा नास म्हणत होतो त्या थांबल्या, आणि मग कारखान्यात काय चाललंय ते मला सर्वांत शेवटी, माल बिघडून परत आल्यावर कळू लागलं. मालक म्हणत, गिरणीच्या कापडाने आपल्याला मारलं. मी मान डोलवायचो.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात मी एका बाजाराच्या दिवशी तिसगावला गेलो. बाजाराच्या कडेला तो चुलाण मांडून बसला होता, जुनी लुगडी आणि पागोटी रंगवून देत होता. एक बाई उद्याच पाहिजे म्हणून अडून बसली होती आणि तो तिला समजावत होता की परवाशिवाय देणार नाही, हवं तर दुसरीकडे जा. ती कुरकुरत कापड ठेवून गेली. मग त्याने मला पाहिलं. बसा म्हणाला. मावशींचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तारखेचं, निरोपाचं, कुलूप काढल्याचं. तो काठीने कढईतलं कापड खालीवर करत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं, "मालकाला सांगितलं?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगता? मला ठावं हाय."

मी म्हणालो, सांगेन. तो म्हणाला, सांगा. मग दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला.

मालक पुढे अकरा वर्षं जगले. त्यातली बरीचशी मी रोज त्यांच्या समोरच्या गादीवर बसून काढली. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा त्या रंगाऱ्याचा विषय काढला होता. म्हणाले, माणूस चांगला होता, खोटं का बोलला कळलं नाही. मी त्यांना औषध पाजत होतो. चमचा पुसला आणि ठेवून दिला.