पोरीच्या शाळेतला अंकल

माझी शाळा दुसरीतच सुटली. मी सोडली की मास्तरांनी, यावर अजून वाद आहे. म्हणून पोरीला इंग्लिश मीडियममध्येच घालायची, असं माझ्या डोक्यात बसलं. जोगेश्वरीच्या आमच्या चाळीतली पोरं तेव्हा म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत जायची. मी रंगारी. मढला शूटिंगचे बंगले रंगवायचो. तिथं शेटलोकांची तीन-तीन वर्षांची पोरं कुत्र्याशी पण इंग्लिश बोलायची, आणि कुत्रं ऐकायचं. मला कळायचं नाही ते कुत्र्याला कळायचं.

अंधेरीच्या शाळेत पोरीच्या आधी आई-बापाचा इंटरव्ह्यू. घरात इंग्लिश नाही तर ॲडमिशन नाही. बायको दहावीपर्यंत गेलेली, ती कसंबसं निभावून नेणार. माझं काय? शेजारी बँकेतला क्लार्क होता, माझा दोस्त. त्याला म्हटलं, "यार, एक दिवस माझ्या पोरीचा बाप हो ना."

"येडा झालास काय रे? आणि तू?"

"मी गेटवर थांबतो. तसा पण मी बाप वाटतच नाय कोणाला."

चाळीत सगळे पोट धरून हसले. सगळ्यात मोठ्याने मीच. तो टाय लावून माझ्या बायकोबरोबर आत गेला, मी त्याची छत्री धरून बाहेर. ॲडमिशन झकास झाली. पण आता शाळेत बाप तोच. पोरीला पढवून ठेवलं, कोणी विचारलं तर मी अंकल.

मग शाळेने सांगितलं, घरात मराठी एकदम बंद, पोरीच्या कानावर फक्त इंग्लिश पडलं पाहिजे. बायको 'कम', 'सिट', 'ईट' करत राहिली. मला येस, नो आणि व्हेरी गुड, खलास. मी ठरवलं, पोरीसमोर तोंडच उघडायचं नाही. चाळीतला एक नंबर बडबड्या माणूस मी, घरी आलो की भिंतीवरच्या पालीसारखा. पाल तरी चुकचुकते.

आधी पोर माझ्या पोटावर बसून आमच्या गावच्या मालवणीत भांडायची. आता "पप्पा, बोल ना" करत पाठी लागली की मी तोंडावर बोट ठेवायचो. थोडे महिने ती पाठी लागली. मग नाही लागली.

बायको म्हणायची, "अहो, दोन शब्द बोला की तिच्याशी. पोर तुटतेय तुमच्यापासून."

"आणि तिचं इंग्लिश बिघडलं तर? तू भरून देणार?"

वर्ष असंच गेलं. एकदा सासूबाई आजारी म्हणून बायको गावी गेली, दोस्त बँकेत. पोरीला आणायला मीच गेलो, रंगाच्या कपड्यांतच. गेटवर तिच्या टीचरने अडवलं.

"आप कौन?"

रस्ताभर 'अंकल, अंकल' घोकत आलेलो, तरी जीभ उचलेना. टीचरने वाकून पोरीला इंग्लिशमध्ये विचारलं.

"माय अंकल," पोर बोलली. अडखळली नाही, माझ्याकडे बघितलं पण नाही. वर अजून एक लांबलचक वाक्य बोलली. टीचर हसली. मला काही कळलं नाही, म्हणून मी पण हसलो.

खरं सांगतो, पहिलं मनात आलं ते, सुटलो, नाव नाही काढणार शाळेतून. असा बाप मी. दुसरं, माझ्याच पोरीने मला अंकल म्हटलं, ते मनात यायला स्टेशनपर्यंतचा रस्ता लागला.

तिची बॅग माझ्या खांद्यावर, ती दोन पावलं पुढे. नाक्यावर गाड्या होत्या म्हणून थांबली. मागे शाळेतलं कोणी येतंय का बघितलं. मग माझा शर्ट ओढून हळूच, मराठीत बोलली,

"पप्पा, मी बरोबर बोलले ना?"

कित्येक महिन्यांनी पोर माझ्याशी मराठीत बोलत होती. चार शब्द बोललो असतो तर काय शाळा कोसळणार होती? पण मी शहाणा.

"येस," मी म्हटलं. "व्हेरी गुड."

तिने शर्ट सोडला. त्यानंतर घरापर्यंत ती काही बोलली नाही, मराठीत नाही आणि इंग्लिशमध्ये पण नाही.