भागोजीचं गोडेतेल

रेवदंड्याच्या बंदरावर भागोजीचं नाक प्रसिद्ध होतं. आकारानंही होतं, पण त्याचं बोलायला नको. त्याची बायको हे वाचेल. टू-स्ट्रोक मशीनची होडी लांबून येत असतानाच हा धुराच्या वासावरून सांगायचा, पेट्रोलात ऑइल कमी मिसळलंय. चाळीस वर्षं त्या नाकावर त्याचं घर चाललं. मग होड्यांच्या मागं फोर-स्ट्रोक लटकायला लागली. यांचं ऑइल पेट्रोलात मिसळत नाहीत, मशीनच्या पोटात वेगळं भरतात. धूर नाही, म्हणजे नाकाला काम नाही. तरी चंदाबाय कोळणीनं आपलं नवं मशीन त्याच्याच हवाली केलं. पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत भागोजीनं त्याचं हेड उघडलं, साचलेलं मीठ खरवडलं, पाणी अडवायला नवं गॅस्केट बसवलं. फोर-स्ट्रोकचं हेड तो जन्मात पहिल्यांदा उघडत होता. एवढीच एक गोष्ट चंदाबायला सांगायची त्यानं बाकी ठेवली होती.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंदाबायचा मुलगा प्रफुल्ल जाळं घेऊन खाडीच्या तोंडापर्यंत गेला आणि अर्ध्या तासात परत आला. मशीनमधली ऑइल मोजायची पट्टी त्यानं भागोजीच्या त्या नाकासमोर धरली.

"काका, ह्ये ऑइल हाय का च्या?"

पट्टीवर दूध घातलेल्या चहाचा रंग होता.  भागोजीनं पट्टी पुसून पुन्हा बुडवली. तोच चहा, आणि खुणेच्याही वर चढलेला. त्यानं वास घेतला. पेट्रोलाचा वास आला असता तर तो तिथंच नाचला असता. ऑइलात पेट्रोल उतरलंय म्हणाला असता आणि गॅस्केटवरचा आळ टळला असता. पण वास नव्हता. म्हणजे पाणी.

तेवढ्यात हर्षद आला. हा अलिबागेत कोर्स केलेला मेकॅनिक. त्याच्या खिशात मोबाइल आणि मोबाइलात जगातली सगळी मशीनं.

"गॅस्केट गेलं, काका. खाडीचं पाणी आत घुसतंय. कोणी बसवलं होतं?"

कोणी बसवलं ते त्याला ठाऊक होतं. सुकट वाळत घालणाऱ्या बायांनाही ठाऊक होतं. त्यांनी माना वळवल्या नाहीत, फक्त हात थांबवले. खारं पाणी पोटात राहिलं तर मशीन आतून गंजून जातं. तसं झालं असतं तर भागोजीला बंदरावर कोणी साधा नटही आवळू दिला नसता.

चंदाबाय पदर खोचून आली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "भागोजी, तूच सांग. काय झालंय?"

"पाणी हाय, चंदाबाय. पन कुठलं, ते बगाया पायजे."

"पाण्याला गाव असतंय व्हय, काका?" हर्षद म्हणाला.

"असतंय. खारं का गोडं, येवढं तरी असतंय."

त्यानं थोडं ऑइल काचेच्या बाटलीत काढलं, बाटली उन्हात ठेवली आणि समोर उकिडवा बसला. पाणी तळाशी बसेपर्यंत वाट बघायची. जाणारायेणारा विचारी, "भागोजी, बासुंदी कवा वाटतोस?" हसायला म्हणून तो तोंड उघडी आणि तसंच मिटी. मनात हेडचा एकेक बोल्ट तो पुन्हा आवळत होता. आधी मधले, मग कडेचे. चौथा दुसऱ्यांदा आवळला होता ना? हात म्हणत होते आवळला. मन हातांवर विश्वास ठेवेना.

दुपारी तळाशी बोटभर पाणी दिसलं. भागोजीनं ते सिरिंजनं ओढून घेतलं आणि चंदाबायच्या चुलीशी गेला. प्रफुल्ल, हर्षद मागोमाग होतेच. पाणी खाडीचं असेल तर तापल्या तव्यावर आटून पांढरं मीठ राहणार. थेंब पडले, चुरचुरले. भागोजीनं डोळे मिटले.

"पांढरं हाय काय?"

"गप ऱ्हा." चंदाबाय तव्यावर वाकली. "तांबूस झालंय. चिकटलंय." मग तिनं वास घेतला, पुन्हा घेतला. "भागोजी, तुजं नाक मेलं का रं? ह्यो करपल्या नारळीभाताचा वास."

हर्षदनं सिरिंजमधला थेंब जिभेला लावून थुंकला. "गोड हाय," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड मात्र कडू झालं.

आदल्या दिवशी मशीनची पूजा झाली होती. मशीनवरची झाकणटोपी काढलेली, ऑइल बघायला बूच उघडलेलं. "नव्या मशीनवर नारळ फोडू ना रं?" चंदाबायनं विचारलं होतं. "चाळीस वरसं मशीनवरच फोडतोय, काय झालंय का?" भागोजी म्हणाला होता. झालं नव्हतंच. टू-स्ट्रोकच्या पोटात ऑइल भरायचं तसलं भोकच नसतं. नारळ फुटला तेव्हा बूच भागोजीच्या हातात होतं आणि नजर नारळीभाताच्या टोपावर. नारळाचं पाणी सरळ उघड्या भोकात उतरलं.

"पन बूच उघडं ठेवलं कोणी?" हर्षदनं विचारलं.

"मीच," भागोजी म्हणाला. "फोड बोललो तोबी मीच. आनि चंदाबाय, असलं हेड मी पयल्यांदाच उघडलं होतं. सकाळपासून तीच भीती."

"म्हाईत हाय मना. मशीनच्या चोपडीतली चित्रं बगत आठ दिस बसला होतास, तवाच समाजलं."

त्यानं तीनदा ऑइल बदललं, फिल्टर बदलला, दर वेळी मशीन थोडं चालवून पट्टी बघितली. तिसऱ्या वेळी ती मधासारखी स्वच्छ निघाली. हर्षदनं ती उजेडाला धरून बघितली आणि पुसून परत दिली. प्रफुल्ल होडी घेऊन गेल्यावर भागोजीला पहिल्यांदा भूक लागली. चंदाबायनं कालचा नारळीभात वाढला.

"फुडच्या वर्षी नारळ तुज्या टकलावर फोडीन," ती म्हणाली. "त्याला तरी बूच न्हाय."