बांधाला विचारून

तेजलचा पाय घरात ठरत नाही, असं तिची आई नेहमी म्हणायची. त्या आठवड्यात तर तो अंगणातही ठरेना. कुरवंड्याच्या या पोरीने ‘हाक’ नावाचं ॲप काढलं होतं. लोणावळ्याच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला, झाडलोटीला जाणाऱ्या बायका त्यावर एकमेकींशी बोलायच्या. उद्या कुठल्या बंगल्यावर पाहुणे आहेत, कुठला मालक खडूस, कुणाची सून बाळंत झाली, सगळं तिथे. आणि सगळं फुकट. ॲप चालवायचा खर्च तेजल शिकवण्या घेऊन भागवायची. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

अशात बंगळुरूच्या एका कंपनीने ॲप विकत मागितलं. आकडा ऐकून तिचे वडील महिपती खाटेवर बसले ते उठेचनात. कंपनीची अट एकच होती: सही होईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही.

आता ही अट मावळच्या माणसाने पाळायची कशी?

“वावर इकताना आदी शेजारच्या बांधकऱ्याला इचारत्यात,” महिपती म्हणाले. “न इचारता इकलं तर गावात तोंड दाकवता येत न्हाई.”

तेजलला ते पटलं, आणि आमच्या या शहाण्या पोरीने सरळ ॲपवरच विचारलं, विकू का?

भराभर उत्तरं आली. इक बाई. सोनं झालं तुजं. आमी न्हाई का वावरं इकली? एक तरी बाई नको म्हणेल, असं तिला मनातून वाटत होतं. मग कार्ल्याच्या मुक्ताबाईंचा आवाजातला निरोप आला. साठी उलटलेली बाई, बोलताना धापा टाकणारी.

“इक पोरी. मीबी वावर इकलं. आता त्याच वावरात बांदलेल्या बंगल्यात भाकरी थापते. गेटवर नाव सांगितल्याबिगर आत सोडत न्हाईत, येवडंच. तुजं भलं हुईल.”

तेजलला राग आला. कुणाचा, ते तिलाच कळेना. तेवढ्यात कंपनीच्या माणसाचा फोन. बातमी फुटली होती आणि तो चिडला होता. आत्ताच्या आत्ता हो म्हणा, नाहीतर विषय संपला, म्हणाला.

“पण या बायकांचं काय?” तिने विचारलं.

“त्यांनी आमच्याकडे नव्याने नोंदणी करावी. कुणाला घ्यायचं ते आम्ही बघू.”

“मग नको,” ती म्हणाली. महिपतींनी त्या दिवसापासून तिच्याशी अबोला धरला.

शिकवण्यांच्या पैशांत खर्च आता भागेना, म्हणून ॲप जगवायचं तर बायकांकडून वर्गणी घेणं भाग होतं. फार नाही, महिन्याकाठी दोन चहांची. तिने लाजत, पुन्हा पुन्हा खोडत तसं लिहिलं, पाठवलं आणि अंगणात येरझारा घालू लागली. पहिलं उत्तर आलं ते मुक्ताबाईंचं.

“पैसं पडत असतील तर माजं नाव काड गं बाई. फुकाट व्हतं म्हनून बोलत व्हते.”

तेजल पायरीवर मटकन बसली. विकायला हवं होतं, असं तिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.