हॅलोबाईंची लाइन

हॅलोबाईंच्या पायाला भिंगरी होती. नोकरीची सगळी वर्षं एका खुर्चीवर काढलेल्या या बाईला निवृत्तीनंतर दोन घटका एका जागी बसवेना. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. इकडचा माणूस तिकडच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. ठरलेली मिनिटं भरली की मध्ये एवढंच म्हणायचं, "वेळ संपली, वाढवायची का?" उत्तर आलं नाही की लाइन कापायची. स्वतःचं एक अक्षर बोलायचं नाही. ही सवय अशी हाडीमाशी खिळली की घरातही बाईंचा तोच खाक्या. नवऱ्याचं आणि लेकीचं बिनसलं, की ह्यांचा निरोप तिला आणि तिचा ह्यांना. तुमचं काय मत, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही ते कधी पुढे केलं नाही.

पुढे नवरा गेला, लेक लग्न होऊन लांब गेली. घरात उरल्या त्या आणि थोरल्या जाऊबाई. जाऊबाईंना ऐकू कमी, आवाज मात्र खणखणीत. अशात सरकारी दवाखान्याने नाव नोंदवायची खिडकी बंद केली. नंबर फोनवरूनच घ्यायचा, आणि फोनवर यंत्र. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. डोळ्याच्या दुखण्यासाठी नंबर लावताना जाऊबाई त्या यंत्राला दरडावायच्या, "अगं, जरा मोठ्याने बोल की!" हॅलोबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. परत आल्या तोवर जाऊबाईंचा उजवा डोळा कामातून गेला होता. आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून बाईंच्या जिवाला चैन नाही. भाजी चिरता चिरता उठायच्या, चपला अडकवायच्या, दवाखान्यापर्यंत जाऊन ती बंद खिडकी बघून यायच्या. राग कुणावर काढावा कळेना. थोडा स्वतःवरही होताच.

दुपारी गिऱ्हाईक नसताना न्हाव्याच्या दुकानात म्हातारी मंडळी जमायची, तिथे त्या जाऊ लागल्या. फिरत्या खुर्च्या अडवून सगळे दवाखान्याच्या नावाने बोटं मोडत. निवृत्त मास्तर पुढारी. मागणी एकच: दवाखान्याच्या कमिटीत आमच्यातला एक माणूस घ्या, म्हणजे पुढची खिडकी बंद करताना आम्हाला विचारावं लागेल. खेटे घालून घालून शेवटी कमिटीने बोलावलं. बोलणार मास्तर. "बाई, तुम्ही माइक सांभाळा, तुम्हाला यंत्रांची सवय," मास्तर म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि मनातून चरफडल्या.

सभागृहात मास्तरांनी जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली. माणसाने समाज कसा निर्माण केला इथवर आले, तेव्हा हॅलोबाई जागच्या जागी चुळबुळत होत्या. अहो, खिडकीवर या, खिडकीवर! एवढ्यात अध्यक्षसाहेबांनी घंटा वाजवली.

घंटा ऐकली आणि बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "वेळ संपली, वाढवायची का?" मास्तर रंगात आलेले, त्यांना कुठलं ऐकू येतंय? उत्तर आलं नाही. बाईंच्या बोटाने माइकचं बटण बंद केलं.

मास्तरांचे ओठ हलत राहिले. सभागृह खो खो हसलं. "तुमच्याच बाईंनी लाइन कापली की हो!" अध्यक्ष म्हणाले. "चला, पुढचा विषय."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. इतक्या दिवसांची खटपट आपल्याच हाताने मातीत घातली! शेजारी जाऊबाई एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होत्या. बाईंना त्या डोळ्याकडे बघवेना. त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

"हॅलो," त्या म्हणाल्या. पुन्हा हशा. यापुढे काय बोलायचं असतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं, ते नेहमी दुसरे बोलायचे. "तुम्ही खिडकी बंद केलीत. आम्हाला विचारलं नाहीत. माझ्या जावेचा डोळा गेला, साहेब. मी तिथे नव्हते आणि फोनवर माणूस नव्हता. आता आमचं माणूस आत बसवा."

हशा थांबला. साहेबांनी दोन्ही बाजूंना कुजबुज केली. "ठीक आहे. तुमचा एक प्रतिनिधी बैठकीला बसेल. पण फक्त ऐकायला. बोलता येणार नाही."

मास्तरांनी लगेच हात जोडले. न्हाव्याने टाळ्याही पिटल्या.

"काय गं, काय म्हणाले?" जाऊबाईंनी विचारलं.

त्यांना ऐकू जावं म्हणून बाई मोठ्याने म्हणाल्या, आणि माइक चालूच होता, "आपल्याला बसू देणार, जाऊबाई. पण गप्प बसायचं म्हणे."

"मग घरी काय वाईट होतं?" जाऊबाईंचा आवाज भिंतींवर जाऊन आदळला.

मागच्या रांगेतून कुणीतरी "बरोबर आहे!" म्हणालं, मग आणखी कुणी. मास्तरांनी जोडलेले हात हळूच खाली घेतले. साहेबांनी घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. "वेळ संपली, बाई."

हॅलोबाईंचा हात बटणाकडे गेला. मग त्यांनी तो उचलून जाऊबाईंच्या खांद्यावर ठेवला.

"वाढवतेय," त्या माइकमध्ये म्हणाल्या.