डब्यातल्या मिरच्या

कॉलेजच्या समाजसेवेचे तास भरायचे म्हणून मी दर शनिवारी मनीषनगरच्या एका धान्यवाटप केंद्रात तांदूळ भरून द्यायची. तांदूळ केंद्राच्या स्टीलच्या डब्यात द्यायचे आणि डबा पुढच्या शनिवारी परत घ्यायचा. कुणाला डबा नको असेल तर प्लास्टिकची पिशवी.

एक मावशी पहिल्यांदा डबा परत घेऊन आल्या. घासून लख्ख केलेला, तरी माझ्यापुढे ठेवण्याआधी त्यांनी कडा पदरानं पुन्हा पुसल्या. झाकण उघडलं तर तळाशी चार लाल मिरच्या.

"भिवापूरच्या आहेत. माह्या बहिणीनं धाडल्या."

"इथं कोणाकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे मावशी." नियम मला पाठ होता आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

"रिकामा डबा कसा वापस करू वं पोरी?"

मागे रांग होती. मी मिरच्या त्यांच्या हातावर ठेवल्या. शेजारच्यांची वाटी परत करताना माझी आई त्यात चिमूटभर साखर टाकते, हे मला तेव्हा आठवलं नाही.

पुढच्या शनिवारी डबा तसाच लख्ख आला, रिकामा. मी त्यात तांदूळ ओतणार तोच त्यांनी तो हलकेच बाजूला सरकवला.

"आता पिशवीतच दे. पिशवी वापस नाही करा लागत."