सीटखालचा गोल डाग

जानेवारीतला दुसरा सोमवार. सकाळचे साडेनऊ. सुरतेच्या उधन्यातल्या माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात आम्ही तिघे होतो. मी, भूषण पाटील आणि त्याची बायको. भूषण जवळच्याच सचिन गावातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. त्याच्या हातात दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट होतं. एकेचाळीस हजार पाचशे. एअरबॅगचा कॉम्प्युटर बदलायचा, असं त्यावर लिहिलं होतं.

"काका, डॅशबोर्डवर एअरबॅगची लाल बत्ती लागते," भूषण म्हणाला. "कधी लागते, कधी नाही."

"आणि ती जाईपर्यंत मी या गाडीत बसणार नाही," वहिनी म्हणाल्या. "यांनाही जाऊ देणार नाही. पाच आठवडे झाले, सासूबाईंकडे फेरी नाही. त्या तिकडे एकट्या आहेत. रोज फोनवर विचारतात, गाडीला एवढं झालंय तरी काय?"

भूषणची आई धुळ्याकडच्या साक्री तालुक्यातल्या गावी. एरवी हे दोघे दर शनिवारी नवापूरमार्गे जायचे आणि रविवारी रात्री परत यायचे.

मी स्कॅनर लावला. कोड निघाला ड्रायव्हरच्या सीट पोझिशन सेन्सरचा. हा सीटच्या रुळाशी बसवलेला काडेपेटीएवढा भाग असतो. सीट पुढे आहे की मागे, हे तो एअरबॅगच्या कॉम्प्युटरला कळवतो. ड्रायव्हर स्टिअरिंगच्या जवळ बसला असेल तर एअरबॅग जपून फुगली पाहिजे, म्हणून. निरोप पोचला नाही की बत्ती लागते. निरोप का पोचला नाही, हे कोड सांगत नाही. ते आपण शोधायचं.

सीट वीस वेळा पुढेमागे केली. वीसही वेळा स्कॅनरवर बरोबर दिसलं. कामरेजपर्यंत जाऊन आलो, खड्डे निवडून. काही नाही.

कधीमधी येणारा बिघाड गाडीत सापडत नसेल तर तारखांत शोधायचा, अशी माझी पद्धत. भूषणला वही दिली.

"बत्ती कधी कधी लागली ते आठवून लिही. वार, वेळ, जागा."

त्याने सहा नोंदी लिहिल्या. सहाही रविवारच्या. सहाही कोंडाईबारीचा घाट उतरताना किंवा त्यानंतर. गावी जाताना एकदाही नाही.

"जाताना किती माणसं?"

"दोघं."

"येताना?"

"दोघंच."

"मग येताना गाडीत जास्त काय असतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काही नाही," भूषण म्हणाला.

मी टॉर्च घेऊन मागच्या दारातून ड्रायव्हरच्या सीटखाली डोकं घातलं. कार्पेटवर गोल डाग होता. टेप लावली. सहा इंच. बोट फिरवून वास घेतला. कढवलेलं गावचं तूप. आमच्या घरातून हा वास जाऊन नऊ वर्षं झाली.

"आईंचा डबा कुठे ठेवता?"

वहिनी हसल्या. "डिकीत एकदा कलंडला ना! पाव किलो तूप गेलं. तेव्हापासून सीटखाली घट्ट बसवतो. डबा तर तुम्हाला सांगितलाच नाही. तो सामानात कोण धरतं?"

खानदेशातून सुरतेला येणाऱ्या कुठल्याही गाडीत हेच उत्तर मिळालं असतं. आईचा डबा सामानात मोजत नाहीत.

शेजारच्या चहावाल्याकडून तेवढाच बसका डबा आणला, पाण्याने भरला, सीटखाली दाबला आणि सीट हलवली. तिसऱ्या झटक्याला बत्ती लागली. सेन्सरची वायर ज्या क्लिपने वर धरलेली असते, ती क्लिपच नव्हती. वायर लोंबत होती. घाटातल्या वळणावर डबा तिला रेटायचा आणि कनेक्टरमधली पिन सुटायची.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठरलेला वेळ थांबलो. एअरबॅगच्या वायरला हात लावण्याआधी हे करावंच लागतं. पिन बदलली, क्लिप बसवली. साहित्य दोनशे वीस, मजुरी पाचशे. बिल सातशे वीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं : सीटखाली ठेवलेला तुपाचा डबा.

तीन आठवड्यांनी भूषण पुन्हा आला, तोंड पाडून.

"बत्ती लागली?"

"नाही. आईने डबा बंद केला. मी गमतीत तुमचं बिल वाचून दाखवलं. म्हणाली, मी पोराची गाडी बिघडवली. वरून बिलाचे हे सातशे वीस जबरदस्तीने माझ्या खिशात घातले. बायको म्हणते, काकांनी लिहिलंय, काकांनीच निस्तरावं."

त्याने फोन लावून माझ्या हातात दिला.

"मना डबामुये गाडी बिघडनी ना, भाऊ?" पलीकडून आवाज आला.

मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. पण अहिराणी ऐकली आणि तोंडून पहिला शब्द निघाला, "माय." घरात माझी मुलं मला गुजरातीत उत्तर देतात. हा शब्द हाक म्हणून वापरायला आता कोणी उरलं नव्हतं.

"कोन गावना शे रे तू?"

गाव सांगितलं. अमळनेरजवळचं.

"तठे घर शे का?"

"नही, माय. इकी टाकं." घर विकून टाकलं होतं.

"आनि माय?"

"ती बी नही."

"मंग आठे ये," त्या म्हणाल्या. इथे, म्हणजे त्यांच्या घरी.

भूषण दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मग मी आईंना क्लिपचं सांगितलं. क्लिप असती तर डबा ठेवूनही बिघाड झाला नसता. हे मी बिलावर लिहिलं नव्हतं. ती माझी चूक. नवीन बिल करून त्यावर दोन्ही कारणं लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली.

"मंग निम्मा क्लिपना, निम्मा मना," त्या म्हणाल्या.

भागाकार बरोबर होता.

डबा पुढच्याच रविवारी सुरू झाला. तो आता मागच्या सीटवर असतो, पट्टा लावून. मीही तेव्हापासून बिलावर कारणं सगळी लिहितो, कारण ती कोण वाचेल ते सांगता येत नाही. सातशे वीसपैकी तीनशे साठ भूषणने आईंना परत केले. उरलेले तीनशे साठ, आपल्या निम्म्या वाट्याचे म्हणून, आईंनी त्याच्याकडून घेतले नाहीत.