एकशे वीस फेऱ्या, तीन प्रश्न

लाँग वीकेंडच्या सोमवारी अल्बनीहून निघताना माझ्या वहीत दोन याद्या होत्या. डाव्या पानावर सामान: कानात घालायचे बोळे, थर्मास, रेनकोट, बटाट्याच्या भाजीचे वीस पोळीरोल. उजव्या पानावर लेकीला विचारायचे तीन प्रश्न.

लेक हॅमिल्टनला इंजिनिअरिंग करत होती. दुसऱ्या वर्षात तिने एका सेमिस्टरची रजा घेतली आणि तिथल्याच एका गॅरेजमध्ये काम शिकायला लागली. परत येणार की नाही, हे युनिव्हर्सिटीला मंगळवारपर्यंत कळवायचं होतं. फोनवर विषय काढला की "नॉट नाऊ, आई" म्हणायची. म्हणून तिच्या मालकाची स्टॉककारची शर्यत बघायला मी स्वतःच निघाले. नवरा म्हणाला, "भांडू नकोस हं." मी म्हटलं, "भांडण यादीत नाहीये."

ट्रॅकवर पोचले तेव्हा लेकीने आधी माझ्या पायांकडे बघितलं. "व्हाइट शूज? सिरियसली, आई?"

ओल्या मातीचा गोल ट्रॅक, एकशे वीस फेऱ्या, आणि एकमेकांना धडका मारायला चक्क परवानगी. गाडी मालक स्वतः चालवणार होता. फेऱ्या त्याची बायको मोजायची, पण तिची पाठ धरली होती. टॉवरवर मशीन मोजतं, तरी पेट्रोल कधी भरायचं ते ठरवायला पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागेत, आपली वेगळी नोंद लागते. त्याने माझ्या वहीकडे पाहिलं. "किया ओरा!" त्याने इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. "तुम्ही मोजाल का?"

प्रश्नांखाली भरपूर जागा होती. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. विसाव्या फेरीपर्यंत बूट तपकिरी झाले आणि माझं तिकडे लक्षही राहिलं नाही.

सत्तराव्या फेरीला आमची गाडी तिसरी होती. तेवढ्यात कुणीतरी तिला भिंतीवर दाबलं. ती सुटली, पुन्हा पळायला लागली, मला काही वेगळं दिसलं नाही. लेक मात्र वाकून पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होती.

"किती, आई?"

"चौऱ्याहत्तर."

"इट्स वॉबलिंग." चाक डगमगतंय म्हणून तिने गाडी आत बोलावण्याचा फलक उचलला.

मालक आला तो ओरडतच. "तिसरा होतो मी! तिसरा!"

"चाक," एवढंच म्हणून ती खाली बसली. उठली तेव्हा तिच्या तळहातावर तुटलेले दोन बोल्ट होते. तिने नवे बसवले, गाडी बाहेर पाठवली. तेवढा वेळ माझ्या पानावर एकही रेघ नाही.

आम्ही नववे आलो. रोल खाताना मालक मला म्हणाला, "हिने थांबवलं नसतं तर मी आत्ता इथे बसून हे खात नसतो."

लेकीला फेऱ्यांचं ते पान गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवं होतं. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. "वरती काय लिहिलंयस?"

"तुला विचारायचे प्रश्न."

"वाच ना."

"एक. युनिव्हर्सिटीत परत जाणार आहेस का?"

तिने हात पुसले. एरवी मला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, "नाही जाणार, आई. बाबांना तू सांगशील?"

पुढचे दोन प्रश्न मी 'हो' धरूनच लिहिले होते: राहणार कुठे, आणि पुस्तकं कुठे ठेवलीस. ते खोडले. पहिल्यापुढे टिक केली. उत्तर मिळालं की टिक करायची, मग ते आवडो न आवडो.

"सांगते," म्हटलं, आणि पान फाडून तिला दिलं. मग डाव्या पानाच्या तळाशी लिहिलं: घरी पोचल्यावर आधी तिच्या बाबांना चहा.